विश्लेषण : गोऱ्यांची वेगळी चूल… दक्षिण आफ्रिकेतील ओरानिया पुन्हा चर्चेत का?

वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावर १२ मे २०२५ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ५९ गोरे नागरिक निर्वासित म्हणून उतरले. जगभरातल्या निर्वासितांना दार बंद करणाऱ्या ट्रम्प प्रशासनाने या एका समूहासाठी मात्र ते उघडले होते. नऊ दिवसांनी दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष सिरिल रामाफोसा व्हाइट हाऊसमध्ये गेले, तेव्हा त्यांना समोर बसवून, दिवे मंद करून ‘गोऱ्यांच्या वंशसंहारा’ची चित्रफीत दाखवण्यात आली. या गदारोळात ओरानिया हे नाव पुन्हा वर आले. या गावातील पुढाऱ्यांचे शिष्टमंडळ त्याआधीच, मार्चच्या अखेरीस, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनची वारी करून आले होते. त्यांचे मागणे मात्र वेगळे होते. आम्हाला देश सोडायचा नाही, आहोत तिथेच आमची वेगळी चूल मांडायला मदत करा, असे ते सांगत होते. फक्त गोऱ्या आफ्रिकानरांच्या या गावाची वस्ती साधारण तीन हजार आहे. वांशिक विभक्तपणाची जुनी कल्पना या गावाने कशी जिवंत ठेवली आणि ती तीन हजारांवरच का अडली, याचा हा आढावा.

वंशसंहाराच्या दाव्यात तथ्य किती?

फारसे नाही. दक्षिण आफ्रिकेत गुन्हेगारी भयंकर आहे, हे खरे. २०२४ मध्ये तिथे २६ हजार २३२ खून झाले. त्यातील शेती-समुदायाशी संबंधित खून ४४ आणि मारले गेलेले शेतकरी आठ, अशी पोलिसांची नोंद आहे. एकाकी शेतघरांवरचे हल्ले अनेकदा अतिशय क्रूर असतात, त्यामुळे त्यांची दहशत आकड्यांपेक्षा मोठी वाटते. पण खुनांना सर्वाधिक बळी पडतात ते काळ्यांच्या गरीब वस्त्यांमधले तरुण, आणि त्यांच्या चित्रफिती कोणी व्हाइट हाऊसमध्ये दाखवत नाही. जानेवारी २०२५ मध्ये रामाफोसा यांनी भूसंपादनाच्या नव्या कायद्यावर सही केली. काही विशिष्ट परिस्थितीत मोबदला न देताही जमीन घेण्याची तरतूद त्यात असल्याने गोऱ्यांमध्ये अस्वस्थता वाढली. दुसऱ्या बाजूला, सरकारच्याच २०१७ च्या पाहणीनुसार वैयक्तिक मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के जमीन गोऱ्यांच्या नावावर आहे, आणि २०२२ च्या जनगणनेत गोऱ्यांचे प्रमाण ७.३ टक्के आहे. संहार होत असलेल्या समाजाचे असे चित्र सहसा नसते.

ओरानिया कोणी वसवले?

गाव मुळात सरकारी. १९६० च्या दशकात ऑरेंज नदीवरचे धरण आणि कालवे बांधणाऱ्या कामगारांसाठी जलसंपदा खात्याने ते उभारले. किम्बर्ले या हिऱ्यांच्या शहरापासून मोटारीने दोनेक तासांवर, कारू या रखरखीत प्रदेशाच्या कडेला. बांधकाम संपले, कामगार पांगले, घरांची कौले उडू लागली. फेब्रुवारी १९९० मध्ये नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हे ओसाड गाव कारेल बोशॉफ यांच्या संघटनेने सुमारे १५ लाख रँडना विकत घेतले. बोशॉफ धर्मशास्त्राचे प्राध्यापक आणि वर्णभेदाचे शिल्पकार मानले गेलेले पंतप्रधान हेंड्रिक फेरवूर्ट यांचे जावई. १९९१ मध्ये पहिली काही कुटुंबे राहायला आली.

गाव ओसाड होते, असे तेथील पुस्तिकांत लिहिलेले असते. ते पूर्ण खरे नाही. सरकारी कामगार गेल्यावरही काही ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय, कुटुंबे तिथे राहत होती. त्यांना निघावे लागले. पुढे त्यांनी जमिनीच्या हक्कासाठी दावा लावला आणि २००६ मध्ये त्यांना २९ लाख रँडची भरपाई मिळाली. ती दिली सरकारने. मुळात माणसे हलवल्याशिवाय ‘रिकामी’ जागा मिळत नाही, हा दक्षिण आफ्रिकेचा जुना अनुभव या छोट्या गावातही चुकला नाही.

आज गावाला स्वतःचा झेंडा आहे. त्यावर बाह्या सरसावणारा एक मुलगा आहे. २००४ पासून ‘ओरा’ नावाचे स्थानिक चलन आहे. ते रँडच्याच किमतीचे आणि गावातच चालणारे. पिकान या अक्रोडासारख्या फळाच्या बागा आहेत, दोन शाळा आहेत, सौरऊर्जेचा प्रकल्प आहे. टेकडीवर फेरवूर्ट यांचा छोटासा पुतळा आहे. त्यांच्या पत्नी बेत्सी अखेरची वर्षे याच गावात राहिल्या. ऑगस्ट १९९५ मध्ये अध्यक्ष मंडेला त्यांच्याकडे चहाला आले होते. ९४ वर्षांच्या बेत्सीबाईंनी आफ्रिकानरांना वेगळा प्रदेश द्यावा अशी विनंती करणारे निवेदन वाचायला घेतले. चष्मा नसल्याने अडखळल्या, तेव्हा शेजारी उभ्या मंडेलांनी आफ्रिकान्स भाषेतली पुढची वाक्ये त्यांना सुचवली. ज्यांच्या पतीच्या राजवटीत मंडेलांना जन्मठेप झाली, त्या बाईंना त्यांच्याच मागणीचे निवेदन वाचायला मदत करणारे मंडेला! त्यांनी निवेदन ऐकले, चहा घेतला. मागणी मान्य केली नाही.

राज्यघटनेला हे चालते कसे?

दक्षिण आफ्रिकेच्या घटनेचे नववे कलम वंशावरून भेदभाव करण्यास मनाई करते. पण २३५ वे कलम असे सांगते, की समान भाषा आणि संस्कृती असलेल्या समूहाला स्वयंनिर्णयाची कल्पना मांडता येईल. हे कलम आकाशातून पडलेले नाही. १९९४ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी माजी लष्करप्रमुख कॉन्स्टँड व्हिल्यून यांच्यामागे हत्यारबंद गोऱ्यांची मोठी फळी उभी होती. रक्तपात टाळून त्यांना मतपेटीकडे वळवायचे, तर त्यांच्या ‘फोल्कस्टाट’च्या, म्हणजे वेगळ्या आफ्रिकानर प्रदेशाच्या, मागणीची काहीतरी बूज राखणे भाग होते. २३ एप्रिल १९९४ रोजी, मतदानाला चारच दिवस उरले असताना, तसा करार झाला. कलम आले. प्रदेश आला नाही.

गावाची प्रत्यक्ष रचना त्याहून साधी आहे. सगळी जमीन एका खासगी कंपनीच्या मालकीची. घर घ्यायचे म्हणजे सातबारा नावावर होत नाही, कंपनीचे समभाग मिळतात. समभाग कोणाला द्यायचे हे कंपनी ठरवते. अर्ज, मुलाखत, गुन्ह्यांची नोंद तपासणे, आणि आफ्रिकानर भाषा-संस्कृती-धर्म मान्य असल्याची खात्री, असे सोपस्कार होतात. ‘काळ्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी कुठेही नाही. गावाला लागून राज्य रस्ता जातो, पेट्रोल पंपावर आणि दुकानात कोणीही येऊन सामान घेऊ शकते. कायमचे राहायला मात्र येता येत नाही. आपल्याकडच्या ‘फक्त अमुक समाजासाठी’ असलेल्या गृहनिर्माण संस्थांचे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. २००० मध्ये शेजारच्या मोठ्या नगरपालिकेत गावाचे विलीनीकरण होणार होते. न्यायालयाने तोडगा निघेपर्यंत ‘जैसे थे’चा आदेश दिला आणि तेव्हापासून ते लोंबकळतच आहे.

‘आपले काम आपणच’ हा आग्रह कशासाठी?

ओरानियाची इतर गोऱ्या वस्त्यांपेक्षा वेगळी गोष्ट हीच. इथे रस्ते झाडणारा, विटा वाहणारा, कचरा उचलणारा, धुणीभांडी करणारी, सगळे गोरे. दक्षिण आफ्रिकेत हे दृश्य इतके दुर्मीळ, की बाहेरून येणाऱ्या पत्रकारांचे कॅमेरे आधी त्याच्याकडेच वळतात. झेंड्यावरच्या मुलाच्या सरसावलेल्या बाह्यांचा अर्थही तोच. यामागे बोशॉफ यांचे निदान होते. वर्णभेद अनैतिक होता म्हणून नव्हे, तर गोऱ्यांना काळ्यांच्या श्रमाची चटक लागली म्हणून तो कोसळला, असे ते मानत. जिथे दुसऱ्याच्या हाताने काम करून घेता, तिथे आज ना उद्या दुसऱ्याचेच बहुमत होणार, हे त्यांचे गणित.

गणित म्हणून ते चूक नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी ‘अपार्टहाइट’ या घोषणेवर निवडून आली. आफ्रिकान्स भाषेत या शब्दाचा अर्थ वेगळेपण. त्याच वर्षी स्टेलेनबॉशच्या प्राध्यापक मंडळींनी ‘साब्रा’ ही संस्था काढली. पूर्ण विभाजन करा, काळ्यांना त्यांचा खरा प्रदेश द्या आणि गोऱ्यांनी आपली कामे आपण करावीत, असा तिचा आग्रह. बोशॉफ पुढे याच संस्थेचे अध्यक्ष झाले. पण खाणमालक, शेतकरी आणि स्वयंपाकघरातल्या गृहिणी यांपैकी कोणालाही हे परवडणारे नव्हते. देशाची अर्थव्यवस्थाच काळ्यांच्या श्रमावर उभी असल्याने पूर्ण विभाजन व्यवहार्य नाही, अशी कबुली पंतप्रधान डी. एफ. मलान यांनी १९५० मध्ये संसदेत दिली होती. १९५५ मध्ये टॉमलिन्सन आयोगाने राखीव प्रदेशांच्या विकासाचा खर्चही मांडला. दहा वर्षांत १० कोटी ४० लाख पौंड. फेरवूर्ट तेव्हा या खात्याचे मंत्री होते. त्यांनी आयोगाच्या खर्चिक शिफारशी बाजूला ठेवल्या.

मग झाले ते असे. कायदे विभाजनाचे झाले, व्यवहार मात्र एकत्रच राहिला. १९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसाच्या वंशाची सरकारदरबारी नोंद झाली. संशय असेल तर केसांत पेन्सिल खोचून बघत. अडकली तर गोरा नाही. त्याच वर्षीच्या ‘ग्रुप एरियाज’ कायद्याने कोणी कुठे राहायचे हे ठरले. १९५३ मध्ये बाकडी, बस, समुद्रकिनारे वेगळे झाले. ८७ टक्के जमीन गोऱ्यांसाठी आणि सुमारे १३ टक्के काळ्यांच्या ‘होमलँड’साठी. त्यातील चार तुकडे तर १९७६ ते १९८१ या काळात ‘स्वतंत्र देश’ म्हणून जाहीर झाले. दक्षिण आफ्रिकेखेरीज जगात कोणी त्यांना मान्यता दिली नाही.

आणि या ‘परदेशांतले’ नागरिक रोज कामाला यायचे. क्वान्देबेले या होमलँडमधून पहाटे अडीच-तीनला बस सुटत. अंधारात तीन-चार तास प्रवास करून माणसे प्रिटोरियाच्या कारखान्यांत आणि घरांत पोहोचत, आणि रात्री पुन्हा तेवढाच प्रवास. छायाचित्रकार डेव्हिड गोल्डब्लॅट यांनी १९८० च्या दशकात या बसमध्ये बसून काढलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. अंगावर पांघरूण ओढून, उभ्याउभ्या, एकमेकांच्या खांद्यावर डोके टेकून झोपलेली माणसे त्यांत दिसतात. बस परवडावी म्हणून सरकार अनुदान देत होते. म्हणजे माणसे दूर ठेवण्याचा खर्चही सरकारचा आणि ती रोज जवळ आणण्याचाही.

घरकाम करणाऱ्या बायकांना गोऱ्यांच्या परसातल्या खोलीत राहायची मुभा होती. त्यांच्या नवऱ्याला तिथे राहायची मुभा नव्हती. गोऱ्या घरातले मूल त्या बाईच्या पाठीवर वाढायचे. तिचे स्वतःचे मूल शेकडो मैलांवर आजीकडे. हे वेगळेपण नव्हते. इतके जवळ राहणारे समाज जगात फार थोडे असतील. जवळिकीच्या अटी एकाच बाजूने ठरवायच्या, एवढाच त्या सगळ्या कायद्यांचा सारांश होता.

ओरानियाने ही ढोंगबाजी टाळली, हे त्याच्या विरोधकांनाही मान्य करावे लागते. पण त्याची किंमत लगेच दिसते. २७ लाख गोऱ्या आफ्रिकान्स भाषकांपैकी स्वतःचे अंगण स्वतः झाडायला तयार झाले तीन हजार. हजारात एकाच्या आसपास! १५ वर्षांत ६० हजार लोक येतील, अशी बोशॉफ यांची अपेक्षा होती. २० वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, ८९२ जण मोजले गेले. त्यानंतर वाढ झाली ती बव्हंशी बाहेरच्या बेरोजगारीमुळे आणि गुन्हेगारीच्या भीतीने. कामाच्या शोधात येणाऱ्या गरीब, एकट्या तरुणांसाठी गावात वसतिगृहवजा खोल्या आहेत. टुमदार बंगल्यांचा भाग वेगळा. वंश एक केला तरी कष्टाची कामे कोणाच्या तरी वाट्याला येतातच, आणि ती करणारा जरा कडेलाच राहतो.

आफ्रिकान्स बोलणारे सगळेच चालतात का?

गावाचा दावा असा, की आमचा निकष वंश नव्हे, संस्कृती आणि भाषा. पण हा दावा लंगडा पडतो तो इथेच. आफ्रिकान्स ज्यांची मातृभाषा आहे त्यांत साधारण निम्मे लोक मिश्रवंशीय आहेत. गोरे सुमारे ४० टक्के. दोघांचे चर्चही बहुधा डच परंपरेचेच, आडनावेही पुष्कळदा सारखीच. इतकेच नाही, ही भाषा घडली तीच डच वसाहतीतल्या गुलामांच्या, नोकरांच्या आणि मालकांच्या बोलण्यातून. तिचे सुरुवातीचे लेखन १९ व्या शतकात केप टाऊनच्या मदरशांत, अरबी लिपीत झाले. या मुलांचे पूर्वज आग्नेय आशिया आणि भारतातून गुलाम म्हणून नेलेले. ज्या भाषेच्या रक्षणासाठी वेगळे गाव हवे, त्या भाषेच्या निम्म्या धन्यांना त्या गावात घर मिळत नाही. ओरानियातले पुढारी यावर उत्तर देतात, की ते वेगळा समाज आहेत. मग निकष काय उरतो, ते सांगायला नको.

गावाबाहेर लोक कसे राहतात?

दक्षिण आफ्रिकेत आज कोणी कुठेही राहू शकतो. पैसे असतील तर. जोहान्सबर्गमध्ये सँडटन हा देशातला सर्वात श्रीमंत भाग आणि अलेक्झांड्रा ही दाटीवाटीची गरीब वस्ती यांच्यामध्ये एक महामार्ग आणि थोडेसे अंतर आहे. सँडटनमध्ये आता काळे उच्चमध्यमवर्गीयही मोठ्या संख्येने राहतात. अलेक्झांड्रात गोरा शोधून सापडणार नाही. कायद्याने ओढलेली रेषा पुसली गेली, किमतीने ओढलेली राहिली, आणि ती बऱ्याच ठिकाणी जुन्याच जागेवरून जाते. उंच भिंती, विजेच्या तारा, फाटकावर पहारेकरी. खासगी सुरक्षारक्षकांची संख्या पाच लाखांहून अधिक, पोलिसांच्या तिपटीहून जास्त. बहुतेक रक्षक काळे आणि ते ज्या वस्तीत राहतात तिथे रात्री पहारा नसतो.

कार्यालयात, महाविद्यालयात, क्रिकेटच्या संघात लोक एकत्र असतात. संध्याकाळी आपापल्या भागात जातात. शिवी दिली तर प्रकरण न्यायालयात जाते. २०१८ मध्ये काळ्या पोलिसाला वारंवार वांशिक शिव्या दिल्याबद्दल एका गोऱ्या महिलेला तुरुंगवास झाला, हा तिथला पहिलाच असा निकाल. खरी रस्सीखेच शाळांवरून होते. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या शिक्षण कायद्याने शाळेच्या भाषेबाबत आणि प्रवेशाबाबत अंतिम शब्द प्रांतिक सरकारकडे गेला. आफ्रिकान्स शाळा संपवण्याचा हा डाव, असे आफ्रिकानर संघटना म्हणतात. भाषेच्या आडून काळ्या मुलांना बाहेर ठेवले जाते, असे सरकार म्हणते. दोघांकडेही दाखवायला उदाहरणे आहेत.

हा प्रश्न फक्त काळ्या-गोऱ्यांचा नाही. डरबनजवळचे फिनिक्स हे उपनगर १९७० च्या दशकात ‘ग्रुप एरियाज’ कायद्याखाली भारतीयांसाठी वसवले गेले. गांधीजींनी १९०४ मध्ये स्थापन केलेला फिनिक्स आश्रम जवळच, काळ्यांच्या इनांडा वस्तीलगत. जुलै २०२१ मध्ये माजी अध्यक्ष जेकब झुमा यांच्या अटकेनंतर लूटमार उसळली, पोलीस दिसेनासे झाले, तेव्हा फिनिक्समधल्या रहिवाशांनी रस्ते अडवून पहारे बसवले. त्या दिवसांत तिथे ३६ जणांचा बळी गेला, बहुतेक काळे. वर्षानुवर्षे एकाच दुकानात, एकाच बसथांब्यावर भेटणारी माणसे त्या आठवड्यात एकमेकांना फक्त रंगावरून ओळखत होती. वर्णभेदी सरकारने मधे मोकळी पट्टी सोडून आखलेल्या वस्त्या ३० वर्षांनंतरही तशाच उभ्या होत्या.

मराठी मुलखाचाही या आखणीशी संबंध आहे. १९ व्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गावांमधून कोकणी मुसलमान केप टाऊनला गेले, छोटी किराणा दुकाने टाकली. त्यांची गिऱ्हाइके सर्व रंगांची. डिस्ट्रिक्ट सिक्ससारख्या सरमिसळ वस्तीत गोरे, काळे, मलायी, कोकणी, ज्यू शेजारी-शेजारी राहत. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने हा भाग गोऱ्यांसाठी राखीव जाहीर केला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे ६० हजार लोकांना हलवून घरांवर बुलडोझर फिरवला. भारतीयांना रायलँड्ससारख्या ठरवून दिलेल्या भागात जावे लागले. गिऱ्हाईक एकीकडे, दुकानदार दुसरीकडे. इथे एकत्र राहणे कोणा सुधारकाने शिकवलेले नव्हते, आणि ते मोडायला सरकारला पोलीस आणि यंत्रे लागली.

वेगळे राहण्याची मागणी काळ्यांनीही केली होती ना?

केली होती, आणि म्हणूनच या कल्पनेचा निकाल एका वाक्यात लावता येत नाही. जमैकाचे मार्कस गार्वी यांनी १९१९ मध्ये ‘ब्लॅक स्टार लाइन’ ही जहाज कंपनी काढली. अमेरिकेतल्या काळ्यांचा आफ्रिकेशी व्यापार आणि पुढे परतीचा प्रवास, हे स्वप्न. १९२२ मध्ये ते कू क्लक्स क्लानच्या नेत्याला जाऊन भेटले, कारण वंश वेगळे राहावेत यावर दोघांचे एकमत होते! काळ्या चळवळीतच त्यावरून संतापाची लाट आली. १९६८ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतील पाच राज्ये काळ्यांच्या स्वतंत्र देशासाठी मागणारा ‘रिपब्लिक ऑफ न्यू आफ्रिका’ हा गट निघाला. माल्कम एक्स त्यांच्या सुरुवातीच्या काळात एक फरक नेहमी सांगत. वरचढाने दुबळ्यावर लादलेले वेगळेपण निराळे आणि बरोबरीच्या माणसांनी आपखुशीने घेतलेले निराळे.

महाराष्ट्राला या मागणीचे एक जवळचे उदाहरण ठाऊक असायला हवे, पण त्याची आठवण क्वचित निघते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या दलितांच्या अखिल भारतीय परिषदेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत, दलितांसाठी स्वतंत्र गावे वसवावीत असा ठराव झाला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी ती मागणी पुन्हा मांडली. सरकारी पडीक जमिनीवर वसाहती करा, त्यासाठी वसाहत आयोग नेमा. वरवर पाहता हीसुद्धा वेगळी चूल. पण दलित गावकुसाबाहेर वेगळे राहतच होते. त्यांना सुटका हवी होती ती त्या वेगळेपणाला जोडलेल्या सक्तीच्या कामातून. निरोप पोहोचवणे, मेलेली गुरे ओढणे, सरकारी अधिकाऱ्यांची बिगार करणे, आणि मोबदल्यात मूठभर धान्य व तुटपुंजे वतन. महार वतनाविरुद्ध आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. स्वतंत्र गावाची मागणी त्याच लढ्याचा पुढचा भाग. ओरानियातला माणूस ज्या श्रमावर आयुष्यभर विसंबला त्या माणसांपासून दूर जातो. नागपूरच्या ठरावातला माणूस आपला श्रम फुकट घेणाऱ्यांपासून दूर जाऊ पाहत होता. दोन्हींना ‘विभक्ततावाद’ म्हणता येईल, पण दोन्ही एकच नव्हेत.

पुढे काय?

ओरानियाची नक्कल होते आहे. अमेरिकेच्या अर्कान्सा राज्यात रॅव्हनडेनजवळ सुमारे १६० एकरांवर फक्त गोऱ्यांसाठी वसाहत उभारली जात असल्याचे २०२५ मध्ये उघड झाले. तिथेही खासगी संघटना आणि समभाग हीच युक्ती. १९६८ च्या समान गृहनिर्माण हक्क कायद्यासमोर ती टिकते का, हे ठरायचे आहे.

खुद्द दक्षिण आफ्रिकेत ओरानियाकडे सरकार बव्हंशी दुर्लक्ष करते. २०१० मध्ये तेव्हाचे अध्यक्ष झुमा गावाला भेट देऊन आले. तीन हजार माणसांनी कालव्याकाठी काय करावे, यापेक्षा ३० टक्क्यांहून अधिक बेरोजगारी हा सत्ताधाऱ्यांपुढचा मोठा प्रश्न आहे. आणि तो प्रश्न सुटला नाही तर ओरानियाच्या दारातली रांग वाढेल, हेही खरे. गावाने प्लंबर, वीजतंत्री, गवंडी यांच्या प्रशिक्षणाची सोय केली आहे, कारण बंगले बांधायला हात कमी पडतात. गोऱ्या तरुणांना अमेरिकेने निर्वासित म्हणून न्यावे, हे गावातल्या पुढाऱ्यांना म्हणूनच रुचत नाही. अमेरिकेने २०२६ या आर्थिक वर्षासाठी निर्वासितांची मर्यादा साडेसात हजारांवर आणली आणि त्यातल्या बहुतांश जागा आफ्रिकानरांसाठी ठेवल्या. ही संख्या ओरानियाच्या वस्तीच्या दुपटीहून जास्त आहे.

राजकारणातही फोल्कस्टाटची मागणी विरत गेली. १९९४ मध्ये व्हिल्यून यांच्या फ्रीडम फ्रंटला २.१७ टक्के मते आणि नऊ जागा मिळाल्या होत्या. २०२४ मध्ये त्याच पक्षाच्या आजच्या अवताराला, फ्रीडम फ्रंट प्लसला, १.३६ टक्के मते आणि सहा जागा मिळाल्या. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे बहुमत हुकल्याने आघाडी सरकार बनले आणि हा पक्ष त्यात सामील झाला. एकेकाळी वेगळा प्रदेश मागणाऱ्या या पक्षाचे पीटर ग्रूनवाल्ड मंडेलांच्या पक्षाबरोबर एकाच मंत्रिमंडळात बसले. त्यांच्या वाट्याला आलेले खाते तुरुंगांचे.